रिकाम्या खुर्चीशी बोलायला लावणारा डॉक्टर: गेस्टाल्ट थेरपीचे फ्रिट्झ पर्ल्स कोण होते?

समुपदेशकाच्या खोलीत दोन खुर्च्या आहेत. एकीवर तुम्ही बसलाय, समोरची रिकामी आहे. समुपदेशक सांगतो, त्या खुर्चीत तुमचे वडील बसलेत असं समजा आणि आजवर त्यांना जे बोलता आलं नाही ते आत्ता बोला.

सुरुवातीला हसू येतं. मग दोन वाक्यं बोलली जातात. तिसऱ्या वाक्याला घसा दाटून येतो. थोड्या वेळाने समुपदेशक तुम्हाला उठवून समोरच्या खुर्चीत बसवतो आणि सांगतो, आता वडील होऊन उत्तर द्या.

सिनेमात किंवा वेबसिरीजमध्ये हा प्रकार तुम्ही कधीतरी पाहिला असेल. याला एम्प्टी चेअर म्हणतात. खुर्चीची मूळ कल्पना सायकोड्रामा ही पद्धत काढणाऱ्या जेकब मोरेनो यांची. पण ती जगभर गाजवली फ्रिट्झ पर्ल्स यांनी, आणि ज्या उपचारपद्धतीतून ती गाजली तिचं नाव गेस्टाल्ट थेरपी.

मनात उघडे राहिलेले जुने हिशेब माणसाला आजचं जगू देत नाहीत, हा या थेरपीचा गाभा. गंमत अशी की, जगाला हिशेब मिटवायला शिकवणाऱ्या या माणसाच्या स्वतःच्या खात्यावर कितीतरी हिशेब शेवटपर्यंत उघडेच राहिले. आणि ज्या बाईने या कामात अर्धा वाटा उचलला, तिचं नाव मुख्य पुस्तकावर आलंच नाही.

वाइन विकणाऱ्याचा वांड पोरगा

फ्रिट्झचा जन्म ८ जुलै १८९३ चा, बर्लिनमधल्या एका ज्यू कुटुंबातला. पूर्ण नाव फ्रिडरिश सालोमन पर्ल्स. वडील वाइनचे व्यापारी, कामानिमित्त सतत फिरतीवर. आईला नाटकाची आवड. घरात दोन बहिणी. त्यातली थोरली एल्झं, तिची दृष्टी फार अधू होती.

आईवडिलांचं एकमेकांशी पटायचं नाही आणि वडिलांचं फ्रिट्झशी तर अजिबातच नाही. हे नातं इतकं बिघडलेलं होतं की, हे आपले खरे वडील आहेत का, अशी शंका फ्रिट्झने म्हातारपणी आपल्या आत्मचरित्रात उघडपणे लिहून ठेवली.

शाळेतही तेच. शिस्तीच्या शाळेत हा पोरगा टिकला नाही, त्याला काढून टाकलं गेलं. दुसऱ्या शाळेत मोकळे शिक्षक भेटले आणि गाडी रुळावर आली. याच काळात त्याला नाटकाचं वेड लागलं. मॅक्स रेनहार्ट हे तेव्हाचे बर्लिनमधले फार मोठे दिग्दर्शक. त्यांच्या नाटकांत फ्रिट्झ किरकोळ कामं करायचा. माणूस तोंडाने एक बोलतो आणि त्याचे हात, खांदे, आवाज भलतंच काही सांगतात, हे बघायची सवय त्याला रंगमंचाजवळ लागली. पुढे आयुष्यभर तीच त्याच्या कामी आली.

पुढे तो डॉक्टरकीकडे वळला, पण मधेच पहिलं महायुद्ध आलं. जर्मन सैन्यासोबत तो खंदकांत होता. विषारी वायू, जखमा, समोर मरणारी माणसं, सगळं त्याने जवळून पाहिलं. युद्ध संपल्यावर १९२० च्या सुमारास तो डॉक्टर झाला आणि मेंदू व मनाच्या आजारांकडे वळला.

गेस्टाल्ट म्हणजे नेमकं काय?

१९२६ साली पर्ल्स फ्रँकफुर्टला गेले. तिथे कुर्ट गोल्डस्टाइन नावाचे मेंदूतज्ज्ञ महायुद्धात डोक्याला मार लागलेल्या सैनिकांवर काम करत होते. मेंदूचा एक भाग निकामी झाला की फक्त तेवढंच काम बंद पडत नाही, तर अख्खा माणूस नव्याने स्वतःला सावरायला बघतो, हे त्यांचं निरीक्षण होतं. माणसाला सुट्या भागांत बघू नका, अख्खा बघा, असा त्यांचा आग्रह.

त्या काळात जर्मनीत हाच विचार दुसऱ्या बाजूनेही चालला होता. मॅक्स वर्दायमर, वोल्फगांग कोलर आणि कुर्ट कॉफ्का हे मानसशास्त्रज्ञ माणूस जग कसं बघतो याचा अभ्यास करत होते. त्यांच्या शाखेचं नाव गेस्टाल्ट मानसशास्त्र. मराठीत तिला व्यूह मानसशास्त्र असंही म्हणतात. गेस्टाल्ट हा जर्मन शब्द, अर्थ आकार किंवा घडण.

हार्मोनियमवर एखादं गाणं काळी चारमध्ये वाजवा, मग तेच पांढरी एकमध्ये वाजवा. सगळे सूर बदलले, तरी चाल लगेच ओळखू येते. म्हणजे आपण सुटे सूर ऐकत नाही, त्यांची एकत्र घडण ऐकतो. हीच गेस्टाल्ट.

दुसरी गोष्ट, आपल्याला सगळं एकाच वेळी दिसत नाही. एक गोष्ट पुढे येते, बाकीची मागे जाते. भूक लागलेली असताना बाजारातून चाला, वडापावची गाडी आधी दिसते. पोट भरल्यावर त्याच बाजारात ती नजरेसही पडत नाही. गरज भागली की ती मागे सरकते आणि दुसरी पुढे येते. पण भागलीच नाही तर?

बर्लिनमध्ये ब्लूमा झायगार्निक या तरुण संशोधिकेने १९२७ साली एक अभ्यास प्रसिद्ध केला. पूर्ण झालेल्या कामांपेक्षा मधेच तोडलेली कामं लोकांच्या जास्त लक्षात राहतात, असं तिला आढळलं. नंतरच्या प्रयोगांत हा निष्कर्ष दर वेळी तसाच आला नाही. पण अर्धवट राहिलेली गोष्ट माणसाला मागे खेचते, ही कल्पना पर्ल्स यांनी आयुष्यभर सोडली नाही.

फ्रँकफुर्टमध्येच त्यांना लोरे पोस्नर भेटली. वयाने १२ वर्षांनी लहान, पियानो वाजवणारी, नृत्य शिकलेली आणि मुख्य म्हणजे गेस्टाल्ट मानसशास्त्राचं रीतसर शिक्षण घेणारी. मार्टिन बुबर आणि पॉल टिलिच यांच्यासारख्या तत्त्वज्ञांची व्याख्यानं तिने ऐकली होती. पर्ल्स यांना गेस्टाल्टची तोंडओळख होती, अभ्यास तिचा होता. दोघांचं लग्न झालं आणि पुढे जग तिला लॉरा पर्ल्स म्हणून ओळखू लागलं.

लायटरमध्ये लपवलेले १०० मार्क

दरम्यान पर्ल्स फ्रॉइड यांच्या मनोविश्लेषणाचं शिक्षण घेत होते. त्यासाठी स्वतःचंही विश्लेषण करून घ्यावं लागतं. त्यांचे दोन विश्लेषक पुढे फार गाजले, कॅरन हॉर्नाय आणि विल्हेल्म राइश. दाबलेल्या भावना शरीरातही गोठतात, स्नायूंचं चिलखत बनतं, हा राइश यांचा विचार पर्ल्स यांनी उचलला.

१९३३ साली हिटलर सत्तेवर आला. पर्ल्स ज्यू होते, वर डाव्या विचारांच्या फॅसिस्टविरोधी लोकांत उठबस होती. ते नेदरलँड्सला पळाले. सिगारेटच्या लायटरमध्ये लपवलेले १०० मार्क एवढीच पुंजी. मागून लॉरा लहान मुलीला घेऊन आल्या. अ‍ॅमस्टरडॅममध्ये कामाचा परवाना नव्हता. थंडी आणि पैशांची चणचण, असे ते दिवस गेले.

फ्रॉइड यांचे निकटचे सहकारी अर्नेस्ट जोन्स यांच्या मदतीने दक्षिण आफ्रिकेत जायची संधी मिळाली. १९३४ साली पर्ल्स कुटुंब जोहान्सबर्गला पोचलं आणि १९३५ मध्ये त्यांनी तिथे मनोविश्लेषणाची संस्था सुरू केली. चित्र पार पालटलं. मोठं घर, टेनिस कोर्ट, पोहण्याचा तलाव, नोकरचाकर. पर्ल्स विमान उडवायलाही शिकले. मुलगा स्टीफन इथेच जन्मला.

मागे राहिलेली एल्झं मात्र वाचली नाही. अधू दृष्टीच्या त्या थोरल्या बहिणीचा छळछावणीत मृत्यू झाला.

फ्रॉइड यांच्या दारात

१९३६ साली चेकोस्लोव्हाकियातल्या मारियनबाड इथे मनोविश्लेषकांची परिषद होती. पर्ल्स तिथे निबंध वाचायला निघाले. आधी त्यांचा बेत स्वतः विमान चालवत युरोप गाठायचा होता. तो जमला नाही, बोटीने गेले.

त्याच प्रवासात ते व्हिएन्नाला फ्रॉइड यांना भेटायला गेले. दूर आफ्रिकेत आपण तुमचा झेंडा रोवलाय, हे ऐकून म्हातारा खूश होईल अशी आशा. फ्रॉइड तेव्हा ८० वर्षांचे, कर्करोगाने त्रस्त. ते दारातच उभे राहिले, दोनचार वाक्यं बोलले आणि भेट संपली.

परिषदेतही निबंधाचं स्वागत थंडच झालं. पर्ल्स यांना हा अपमान जन्मभर विसरता आला नाही. आयुष्यात अपूर्ण राहिलेल्या गोष्टी मोजताना म्हातारपणीही त्यांनी फ्रॉइड यांच्याशी बरोबरीच्या नात्याने न झालेली भेट त्यात धरली.

या भेटीनंतर ते फ्रॉइडच्या वाटेवरून हळूहळू बाजूला झाले.

चावून खा, गिळू नका

मारियनबाडच्या त्या निबंधाचा विषय होता खाणं. त्याचं मूळ घरातच होतं. लॉरा आपल्या बाळांचं दूध पिणं, मग दात आल्यावर चावायला लागणं बारकाईने बघत होत्या, टिपणं काढत होत्या.

त्यातून पुढे आलेला विचार साधा आहे. बाळ दूध गिळतं, कारण त्याला दात नसतात. दात आल्यावर मात्र अन्न चावावं लागतं. आवडलं तर घ्यायचं, नाही तर थुंकायचं. मनाचंही तसंच. मुलग्यांनी रडायचं नसतं, मुलींनी मोठ्याने हसायचं नसतं, आपल्या घरात उलट बोलत नाहीत, अशी वाक्यं लहानपणी अख्खी गिळली जातात. ती पचत नाहीत आणि बाहेरही पडत नाहीत. मोठेपणी ती पुन्हा चावून बघायची, आपली आहेत की नाहीत ते ठरवायचं, हे थेरपीचं काम.

हे सगळं १९४२ साली डर्बनमध्ये छापलेल्या ‘इगो, हंगर अँड अ‍ॅग्रेशन’ या पुस्तकात आलं. त्यातली काही प्रकरणं लॉरा यांनी लिहिली होती. पहिल्या आवृत्तीत त्यांच्या मदतीचा उल्लेख होता, पुढच्या अमेरिकी आवृत्तीत तोही उरला नाही.

दुसऱ्या महायुद्धात पर्ल्स दक्षिण आफ्रिकेच्या सैन्यात मनोविकारतज्ज्ञ होते. युद्ध संपता संपता त्या देशातली वर्णद्वेषाची हवा तापत चालली होती. एकदा हिटलरला चुकवून आलेल्या माणसाला ती चाहूल ओळखू आली. १९४६ साली त्यांनी तिसऱ्यांदा देश सोडला आणि न्यूयॉर्क गाठलं. पाठोपाठ लॉरा आणि मुलं आली.

पुस्तकावर तीन नावं, चौथं गायब

न्यूयॉर्कमध्ये त्यांना पॉल गुडमन भेटले. लेखक, कवी, अराजकवादी विचारांचे, कुणाचंही ऐकून न घेणारे. दुसरे राल्फ हेफरलाइन, कोलंबिया विद्यापीठातले मानसशास्त्राचे प्राध्यापक. पर्ल्स यांच्याकडे कच्चं हस्तलिखित होतं. गुडमन यांनी त्यावरून सिद्धांताचा भाग लिहून काढला. हेफरलाइन यांनी स्वतःकडे लक्ष देण्याचे प्रयोग आपल्या विद्यार्थ्यांकडून करून घेतले.

१९५१ साली ‘गेस्टाल्ट थेरपी’ हे पुस्तक आलं. लेखक म्हणून पर्ल्स, हेफरलाइन आणि गुडमन अशी तीन नावं. लॉरा या चर्चांमध्ये पहिल्यापासून होत्या, पण त्यांचं नाव नव्हतं.

नावावरूनही वाद झाला. यात खरं गेस्टाल्ट मानसशास्त्र फारसं नाही, त्या शाखेचे लोक हे मान्य करणार नाहीत, असं लॉरा यांचं म्हणणं. त्यांना अस्तित्ववादाशी नातं सांगणारं नाव हवं होतं. पर्ल्स अडून बसले आणि गेस्टाल्ट हेच नाव राहिलं. लॉरा यांचा अंदाजही खरा ठरला. गेस्टाल्ट मानसशास्त्राच्या अभ्यासकांनी या थेरपीला आपलं मानलं नाही.

१९५२ साली न्यूयॉर्क इन्स्टिट्यूट फॉर गेस्टाल्ट थेरपी सुरू झाली. जागा कोणती? पर्ल्स यांचं मॅनहॅटनमधलं राहतं घर.

या थेरपीत नेमकं करतात काय?

फ्रॉइड यांच्या पद्धतीत रुग्ण कोचावर आडवा पडतो, भूतकाळ सांगतो आणि डॉक्टर त्याचा अर्थ लावतो. गेस्टाल्टमध्ये दोघं समोरासमोर बसतात. मुख्य गोष्टी अशा:

१. आत्ता आणि इथे. भूतकाळ वर्ज्य नाही. पण तो गोष्टीसारखा सांगायचा नाही, तो आत्ता तुमच्यात काय करतोय ते बघायचं. तुम्ही म्हणता, मला बॉसचा राग वगैरे येत नाही. बोलताना मूठ मात्र आवळलेली असते. थेरपिस्ट रागावर प्रवचन देत नाही, मुठीकडे लक्ष वेधतो.

२. का नाही, कसं. असं का होतं या प्रश्नाला हुशार माणसाकडे दहा उत्तरं तयार असतात आणि दहाही उत्तरांनी काही बदलत नाही. म्हणून स्वतःला तुम्ही कसं अडवता, श्वास कुठे रोखता, वाक्य कुठे तोडता, हे बघितलं जातं. हे भान येणं हाच उपचाराचा मोठा भाग.

३. चार जुन्या सवयी. पहिली, दुसऱ्याची मतं अख्खी गिळणं. दुसरी, स्वतःतली भावना दुसऱ्यावर लादणं, म्हणजे राग आपल्याला आणि वाटत राहतं की समोरचाच चिडलाय. तिसरी, जे दुसऱ्याला बोलायचं किंवा करायचं ते स्वतःवरच उलटवणं, मग दातओठ खात स्वतःलाच कोसत बसणं. चौथी, समोरच्यात इतकं विरघळून जाणं की तुला काय हवंय या प्रश्नाचं उत्तर कायम तुम्हाला चालेल ते, असंच येणं. या सवयी कधीतरी उपयोगी पडलेल्या असतात. अडचण होते ती त्या नकळत, सगळीकडे वापरल्या जाऊ लागल्या की.

४. रिकामी खुर्ची. खुर्चीत वडील असतील, मेलेली मैत्रीण असेल, सोडून गेलेला जोडीदार असेल किंवा तुमचाच एखादा भाग. आपल्या आत एक हुकूम सोडणारा असतो आणि एक उद्यापासून करतो म्हणत टाळणारा. पर्ल्स या दोघांना दोन खुर्च्यांत बसवून भांडायला लावायचे.

५. स्वप्न. स्वप्नातली प्रत्येक गोष्ट म्हणजे तुमचाच तुकडा, असं पर्ल्स मानत. स्वप्नात पडका वाडा दिसला तर त्याचा अर्थ विचारायचा नाही. वाडा होऊन बोलायचं.

समुद्राकाठचा म्हातारा

१९५० च्या दशकात पर्ल्स न्यूयॉर्कमध्ये कमी आणि बाहेर जास्त राहू लागले. क्लीव्हलँडसारख्या शहरांत जाऊन शिकवायचं, मग पुढचं गाव. हृदयाच्या तक्रारी सुरू झाल्या. लॉराशी संसार नावापुरता उरला. घटस्फोट झाला नाही, पण दोघांच्या वाटा वेगळ्या झाल्या. लॉरा न्यूयॉर्कमध्ये रुग्ण बघत, शिकवत राहिल्या. फ्रिट्झ आधी मायामी, मग कॅलिफोर्निया. मधे जगप्रवास, त्यात जपानमध्ये झेन साधनेचा अनुभव घेतला आणि इस्रायलमध्ये चित्रकारांच्या गावी जाऊन राहिले.

खरी प्रसिद्धी मिळाली ती सत्तरी ओलांडल्यावर. कॅलिफोर्नियात बिग सर इथे समुद्राच्या कड्यावर १९६२ साली मायकल मर्फी आणि डिक प्राइस यांनी एसालेन ही संस्था काढली होती. १९६४ पासून पर्ल्स तिथे राहू लागले. अमेरिकेतली तरुण पिढी तेव्हा घर, चर्च, नोकरी, सगळ्यावरच प्रश्नचिन्ह लावत होती. तिला हा पांढऱ्या दाढीचा, सैलसर कपडे घालून सतत सिगारेट ओढणारा, कुणाचीही भीडभाड न ठेवणारा म्हातारा आवडला.

कार्यशाळेत पर्ल्स यांच्या शेजारी एक खुर्ची असायची, हॉट सीट. ज्याची तयारी असेल त्याने येऊन बसायचं, बाकीचे प्रेक्षक. १५-२० मिनिटांत माणूस रडायचा, ओरडायचा, कधी हलका होऊन उठायचा. तरुणपणी रंगमंचावर किरकोळ कामं करणाऱ्या फ्रिट्झला अखेर स्वतःचा रंगमंच मिळाला.

पण तो इतरांच्या रंगमंचावरही घुसायचा. अब्राहम मास्लो, गरजांच्या पिरॅमिडमुळे ज्यांचं नाव आज मॅनेजमेंटच्या प्रत्येक वर्गात येतं, ते एसालेनमध्ये व्याख्यान देत असताना कंटाळलेले पर्ल्स भर सभेत जमिनीवर रांगू लागले. मास्लो हादरले.

ग्लोरियाची फिल्म

मानसशास्त्राच्या विद्यार्थ्यांना पर्ल्स आजही एका जुन्या फिल्ममधून भेटतात. १९६० च्या दशकाच्या मध्यात एव्हरेट शोस्ट्रॉम यांनी एक प्रयोग केला. ग्लोरिया या एकाच स्त्रीशी तीन मोठ्या थेरपिस्टनी पाठोपाठ बोलायचं आणि ते चित्रित करायचं. कार्ल रॉजर्स, फ्रिट्झ पर्ल्स आणि अल्बर्ट एलिस.

रॉजर्स शांतपणे ऐकत राहिले. पर्ल्स यांनी सुरुवातीलाच तिला डिवचलं. तू घाबरलीय म्हणतेस आणि हसतेस, म्हणजे नाटक करतेस, असा त्यांचा रोख. ती चिडली आणि चिडल्यावर तिच्या आवाजात धार आली. तिचं खरं बाहेर आलं, असं पर्ल्स यांच्या बाजूचे लोक म्हणतात. एका घाबरलेल्या बाईला कॅमेऱ्यासमोर कोपऱ्यात ढकललं, असं टीकाकार म्हणतात.

ग्लोरियाने सुरुवातीला पर्ल्स यांच्याबद्दल बरं मत दिलं होतं. नंतर मात्र त्या वागण्याने आपण दुखावलो, असं तिने सांगितलं. रॉजर्स यांच्याशी तिचा संपर्क पुढेही राहिला.

थेरपीच्या इतिहासातला एक मोठा प्रश्न इथे उभा आहे. माणसाला धक्का देऊन जागं करता येतं का? आणि जाग आल्यावर त्याला सावरायला कोण थांबणार? पर्ल्स यांच्या कार्यशाळेत माणूस शनिवारी उघडा पडायचा आणि रविवारी घरी जायचा. लॉरा यांचा याच गोष्टीला विरोध होता. जेवढा आधार पेलेल तेवढंच पुढे न्यायचं, ही त्यांची पद्धत. त्यांच्याकडे माणसं महिनोनमहिने, काही वर्षानुवर्षं येत राहायची.

प्रसिद्धी आणि उधारी

१९६९ साली पर्ल्स यांची दोन पुस्तकं आली. ‘गेस्टाल्ट थेरपी व्हर्बॅटिम’मध्ये कार्यशाळांतले संवाद होते, तर ‘इन अँड आउट द गार्बेज पेल’ हे विस्कळीत, मजेशीर आत्मचरित्र. याच काळात त्यांची एक छोटी प्रार्थना पोस्टरवर छापून घराघरांत लागली. आशय असा की, प्रत्येकाने आपापलं जगावं, कुणी कुणाच्या अपेक्षा पुऱ्या करायला जन्मलेलं नाही. कैक लोकांना तिने मोकळं केलं. कैकांना ती जबाबदारी झटकायची सोपी वाट वाटली.

ती टीका अगदीच हवेतली नव्हती. पर्ल्स यांचे रुग्ण आणि शिष्यांपैकी काही स्त्रियांशी शरीरसंबंध होते आणि ते त्यांनी लपवलेही नाहीत. आजच्या नियमांनुसार असं करणाऱ्या थेरपिस्टचा परवाना जाईल, कारण थेरपीच्या खोलीत दोघांची ताकद सारखी नसते. स्वतःच्या मुलांशीही त्यांचं नातं दुरावलेलंच राहिलं. ज्या माणसाला वडील कधी जवळचे वाटले नाहीत, तो स्वतःच्या मुलांनाही लांबचाच राहिला.

१९६९ मध्ये अमेरिकेतलं राजकारण बघून त्यांना पुन्हा जुनी भीती वाटू लागली. हिटलरच्या आधीची जर्मनी त्यांनी पाहिली होती. त्यांनी आणखी एकदा देश सोडला. कॅनडात व्हँकुव्हर बेटावर लेक काउइचन इथे एक जुनं मोटेल घेतलं आणि तिथे सगळ्यांनी मिळून राहायचं, काम करायचं, शिकायचं, असा गेस्टाल्टचा समुदाय सुरू केला. तिथे ते आनंदात होते, असं त्या दिवसांतले सोबती सांगत. पण ते दिवस जेमतेम काही महिनेच टिकले.

१९७० च्या सुरुवातीला युरोपातून परतताना ते आजारी पडले. शिकागोत शस्त्रक्रिया झाली आणि १४ मार्च १९७० रोजी तिथेच त्यांचं निधन झालं. वय ७६. शेवटच्या आजारपणात लॉरा शिकागोला आल्या होत्या.

श्रद्धांजलीच्या सभाही दोन तऱ्हेच्या झाल्या. कॅलिफोर्नियात लोकांनी नाचून निरोप दिला. न्यूयॉर्कमध्ये पॉल गुडमन बोलायला उभे राहिले आणि त्यांनी कौतुकापेक्षा चुकाच जास्त मोजल्या. काही जण दुखावले.

मग आज उरलंय काय?

पर्ल्स गेल्यावर ही थेरपी संपली नाही, ती बदलली. हॉट सीटचा झगमगाट मागे पडला. लॉरा १९९० पर्यंत, म्हणजे आणखी २० वर्षं होत्या आणि शिकवत राहिल्या. थेरपिस्ट आणि समोरचा माणूस यांच्यातलं नातं, एकमेकांशी खरा संवाद, पेलेल एवढाच प्रयोग, ही त्यांची बाजू आजच्या गेस्टाल्टमध्ये जास्त दिसते.

खुर्चीचीही तपासणी झाली. कॅनडातले संशोधक लेस्ली ग्रीनबर्ग यांनी अनेक वर्षं त्यावर काम केलं. सँड्रा पायव्हिओ यांच्यासोबतचा त्यांचा १९९५ चा अभ्यास जवळच्या माणसाविषयी मनात जुना राग किंवा दुःख धरून बसलेल्या लोकांवर होता. खुर्चीचं काम केलेल्यांना नुसती माहिती आणि मार्गदर्शन मिळालेल्यांपेक्षा जास्त फायदा झाला. हेच तंत्र ग्रीनबर्ग यांनी पुढे आपल्या भावनाकेंद्री थेरपीत घेतलं.

एक गोष्ट मात्र लक्षात ठेवायला हवी. मोबाइलवर रील बघून घरी खुर्ची मांडणं आणि प्रशिक्षित माणसासोबत हे काम करणं, यात फार अंतर आहे. ज्यांना भास होतात किंवा ज्यांनी मोठा आघात सोसलाय, त्यांच्यासाठी असा प्रयोग उलटूही शकतो. चांगला थेरपिस्ट पहिल्या भेटीत खुर्ची पुढे करत नाही. आधी तुम्ही त्याच्यासोबत सुरक्षित आहात का, ते बघतो.

फ्रिट्झ यांनी वडिलांना, फ्रॉइडना, एल्झंला कधी खुर्चीत बसवलं की नाही, ते तेच जाणोत. पण खुर्ची त्यांच्या मागे राहिली आणि ती आता शांत खोल्यांमध्ये, प्रेक्षकांशिवाय वापरली जाते. शेजारी बसलेला माणूस बहुतेक वेळा फ्रिट्झसारखा डिवचत नाही. तो लॉरांसारखा थांबतो.